कोहाचा एसएमएस नेमका कुठे अडला, हे कसे शोधावे

देवघेव विभागात दंड भरताना एखादा विद्यार्थी सांगतो, की परतीच्या तारखेची आठवण करून देणारा संदेश त्याला मिळालाच नाही, आणि तिथून ग्रंथपालाची वणवण सुरू होते. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीची देखभाल करणारा तंत्रज्ञ म्हणतो, की पडद्यावर तर ‘सेंट’ असे दिसते आहे. एसएमएस सेवा विकणारी कंपनी म्हणते, की आमचा सर्व्हर व्यवस्थित चालू आहे. मोबाइल कंपनीला विचारण्याची सोय नसते. यातला कोणीही खोटे बोलत नसतो. प्रत्येकजण आपल्या हद्दीतले तेवढे सांगत असतो, आणि संदेश मात्र दोन हद्दींच्या मधल्या जागेत पडून राहिलेला असतो.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे संदेश शेवटचा कुठे दिसला. पुस्तक दिल्याघेतल्याची किंवा मुदत संपत आल्याची घटना घडली, की कोहा संदेशाचा मजकूर तयार करून आपल्या रांगेत ठेवते. ठरावीक वेळाने चालणारी एक आज्ञावली ती रांग उपसते. ड्रायव्हर नावाचा छोटा दुवा तो मजकूर एसएमएस कंपनीकडे देतो. कंपनी तो मोबाइल कंपनीकडे पाठवते. आणि मोबाइल कंपनी तो डीएलटीवरच्या, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या संस्था आणि त्यांचे मान्य मजकूर नोंदवण्याच्या पोर्टलवरच्या, नोंदींशी ताडून पाहते व जुळला तरच सभासदाच्या हातातल्या फोनपर्यंत जाऊ देते. संदेश जिथवर पोहोचल्याचा पुरावा आहे, त्याच्या मागच्या कोणत्याही गोष्टीला हात लावू नये. अनेक ठिकाणी मूळ दोष डीएलटीवर मान्य करून घेतलेल्या मजकुराच्या नमुन्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, असतो आणि लोक कोहाच्या मांडणीत इतके बदल करून बसतात, की नंतर मूळ दोष दूर झाला तरी संदेश जात नाहीत.

पुढील विवेचन डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर पॅकेजमधून बसवलेल्या कोहाला आणि भारतातील मोबाइल क्रमांकांना धरून आहे. ई-ग्रंथालय किंवा सोल या दुसऱ्या प्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयांना यातील कोहाचे पडदे उपयोगाचे नाहीत. डीएलटी आणि मराठी मजकूर यांविषयीचा भाग मात्र त्यांनाही तसाच लागू पडतो.

सुरुवात एका सभासदापासून

सगळ्यांनाच संदेश जात नाहीत, अशी तक्रार असली तरी तपासणी एकाच सभासदावर करावी, आणि शक्य असेल तर तो सभासद म्हणजे ग्रंथालयातील एखादा कर्मचारी असावा, म्हणजे फोन समोर राहतो. कोहाच्या कर्मचारी-विभागात त्या सभासदाची नोंद उघडून डावीकडील ‘नोटिसेस’ हा भाग पाहावा. त्या सभासदासाठी तयार झालेला प्रत्येक संदेश तिथे तारखेसह दिसतो. तो ईमेल होता की एसएमएस हे दिसते आणि त्याची स्थितीही दिसते. ‘पेंडिंग’ म्हणजे रांगेत थांबलेला, ‘फेल्ड’ म्हणजे पाठवण्याचा प्रयत्न फसलेला आणि ‘सेंट’ म्हणजे ड्रायव्हरच्या हाती सोपवलेला. यातील शेवटच्या शब्दाने सर्वांत जास्त गैरसमज होतात. कोहाच्या दृष्टीने ‘सेंट’ याचा अर्थ ‘पोहोचला’ असा नाही. टपालपेटीत पत्र टाकले, इतकाच त्याचा अर्थ आहे.

या पडद्यावर चारच शक्यता संभवतात: एसएमएसची नोंदच नाही, नोंद आहे पण पेंडिंग आहे, फेल्ड आहे, किंवा सेंट आहे आणि तरी फोन वाजलेला नाही. यापैकी आपली शक्यता कोणती हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नोंदच नसेल तर

संदेश तयारच झालेला नसेल, तर एसएमएस कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. प्रथम सभासदाच्या नोंदीत ‘एसएमएस नंबर’ हा रकाना भरलेला आहे का ते पाहावे. कोहात दूरध्वनीचे आणि मोबाइलचे रकाने वेगळे असतात आणि एसएमएसचा रकाना त्यांच्यापासून पूर्णपणे वेगळा, संदेशांच्या पसंतीजवळ असतो. प्रवेशाच्या वेळी कार्यालयाकडून आलेली एक्सेलची यादी कोहात आयात करताना बहुतेक ठिकाणी क्रमांक मोबाइलच्या रकान्यात जातो आणि एसएमएसचा रकाना रिकामा राहतो. नोंद उघडली की क्रमांक डोळ्यांना दिसतो, त्यामुळे तो योग्य जागी आहे असे वाटते, आणि हा दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे: एक लहानसा अहवाल चालवून ज्यांचा मोबाइलचा रकाना भरलेला आणि एसएमएसचा रकाना रिकामा आहे अशा सभासदांची यादी काढावी व ती दुरुस्त करून पुन्हा आयात करावी.

क्रमांक कसा लिहायचा, हे ड्रायव्हरवर अवलंबून असते. कोहा यासाठी पर्ल भाषेतील ‘एसएमएस सेंड’ या मोड्यूलचा आधार घेते. ज्या ड्रायव्हरच्या नावात देशाचे संक्षिप्त नाव आहे, म्हणजे भारतासाठी ‘आयएन’, त्याला साधा दहा अंकी क्रमांक चालतो. ज्याच्या नावात ते नाही तो आंतरराष्ट्रीय समजला जातो आणि अधिक चिन्हापासून सुरू न होणारा क्रमांक तो थेट नाकारतो. अर्ध्या सभासदांचे क्रमांक ‘९१’ लावून आणि अर्ध्यांचे न लावता भरलेले असतील, तर तक्रारीही नेमक्या अर्ध्याच सभासदांकडून येतात. अशी ‘काहींनाच’ स्वरूपाची तक्रार असेल तेव्हा आधी क्रमांकांचा आकार पाहावा.

क्रमांक बरोबर असेल तर सभासदाच्या संदेश-पसंतीत एसएमएसच्या स्तंभातील खुणा केलेल्या आहेत का ते पाहावे. तो स्तंभच दिसत नसेल, तर ‘एसएमएस सेंड ड्रायव्हर’ ही प्रणालीची मांडणी रिकामी आहे असे समजावे, कारण ड्रायव्हरचे नाव भरल्याशिवाय कोहा तो स्तंभ दाखवतच नाही. परदेशातील एखादी मार्गदर्शिका वाचून कोणी तिथे ‘ईमेल’ असे भरून ठेवलेले आढळते. त्या पद्धतीत सभासदाच्या मोबाइल कंपनीच्या ईमेल पत्त्यावर पत्र पाठवले जाते आणि कंपनी त्याचा एसएमएस करते. अमेरिकेतील ग्रंथालये तालिकेतील बोधांक वाचकाच्या फोनवर पाठवण्यासाठी हीच युक्ती वर्षानुवर्षे वापरत आली. पण तिथेही एटी अँड टी या कंपनीने जून २०२५ मध्ये ती सेवा बंद केली. आपल्याकडील ग्रंथालयाने त्या वाटेला न गेलेले बरे.

खुणांच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. ग्रंथपाल सभासद-प्रवर्गाच्या मांडणीत जाऊन सर्व विद्यार्थ्यांसाठी एसएमएसची खूण करतात आणि काम झाले असे समजतात. प्रवर्गावरची ती मांडणी केवळ त्यानंतर नोंदल्या जाणाऱ्या सभासदांना लागू होते. आधीपासून असलेल्या सभासदांच्या पसंतीला ती हात लावत नाही. जुन्या सभासदांवर ती लादण्यासाठी कोहासोबत एक स्वतंत्र आज्ञावली येते, ती तंत्रज्ञाकडून चालवून घ्यावी लागते. मात्र ज्या सभासदांनी ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेवर, जाऊन स्वतःची पसंती स्वतः ठरवली असेल, त्यांची निवडही या आज्ञावलीने पुसली जाऊ शकते, हे ती चालवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

क्रमांक आहे, खुणाही आहेत आणि तरी संदेश तयार होत नाही, असे असेल तर ‘नोटिसेस अँड स्लिप्स’मध्ये त्या संदेशाचा एसएमएसचा मजकूर भरलेला आहे का ते पाहावे. ईमेलचा मजकूर भरलेला असला म्हणजे एसएमएसचा आपोआप तयार होत नाही. दोन्हींचे मसुदे निरनिराळे असतात. तसेच मुदत उलटून गेलेल्या पुस्तकांच्या सूचना या पसंतीच्या खुणांवर चालत नाहीत. त्यांची मांडणी ‘ओव्हरड्यू ट्रिगर्स’ या वेगळ्या पडद्यावर आहे आणि सभासद-प्रवर्गात अशी सूचना आवश्यक असल्याचे नोंदवलेले असावे लागते. ‘देय तारखेचा संदेश येतो, पण थकबाकीचा येत नाही’ या तक्रारीचे मूळ जवळजवळ नेहमी इथेच सापडते.

पेंडिंगचा ढीग

संदेश रांगेत आहेत पण हलत नाहीत, याचा अर्थ रांग उपसणारी आज्ञावली चालत नाही. पॅकेजमधून बसवलेल्या कोहात ती दर १५ मिनिटांनी चालावी अशी व्यवस्था आधीच केलेली असते. तरीही ती चालत नाही याचे एक कारण इतके आडवळणाचे आहे, की ते ठाऊक नसेल तर दिवस वाया जातो. ही आज्ञावली फक्त त्याच ग्रंथालयासाठी चालते, ज्याच्यासाठी कोहात ईमेल सुरू केलेला आहे. आपल्याला ईमेल नको, केवळ एसएमएस हवा, असे ठरवून ज्यांनी ईमेलची मांडणी अर्धवट सोडली आहे, त्यांचे एसएमएसही निघत नाहीत. तंत्रज्ञाने ‘कोहा-ईमेल-एनेबल’ ही आज्ञा त्या ग्रंथालयाच्या नावासह एकदा दिली, की रांग हलू लागते. मुदतीपूर्वीच्या आठवणी तयार करणारी दैनंदिन आज्ञावलीही याच अटीने बांधलेली आहे.

मात्र ही आज्ञा देण्यापूर्वी रांगेत किती आणि किती जुने संदेश साचले आहेत, ते मोजावे. एका महाविद्यालयात माझ्यासमोर हे घडले आहे: रांग कित्येक महिने तुंबलेली होती, आम्ही उत्साहाने ती मोकळी केली, आणि चहा संपायच्या आत मागच्या सत्रातील सगळ्या आठवणी एकदम सुटल्या. पुस्तके कधीच परत केलेले विद्यार्थी दुपारभर खिडकीशी येऊन भांडत होते, आणि एसएमएसची शिल्लकही त्यात संपली. तेव्हापासून माझा नियम असा, की आधी जुन्या पेंडिंग नोंदींची स्थिती माहितीसाठ्यातच ‘डिलीटेड’ करून घ्यायची, एकच ताजा संदेश ठेवायचा, आणि मगच रांग सुरू करायची. कोहाच्या अहवालातून नोंदी बदलता येत नाहीत, त्यामुळे हे काम तंत्रज्ञालाच करावे लागते; त्याआधी माहितीसाठ्याची प्रत घेऊन ठेवावी.

संदेश जातात पण भलत्या वेळी जातात, असे असेल तर सर्व्हरचे घड्याळ पाहावे. डेबियनची दैनंदिन कामे साधारणपणे सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी सुरू होतात. सर्व्हर जर जागतिक प्रमाणवेळेवर ठेवलेला असेल, तर आपल्याकडे तेव्हा ११ वाजून ५५ मिनिटे झालेली असतात, आणि ‘आज पुस्तक परत करा’ हा संदेश सकाळच्या सत्राचे विद्यार्थी घरी निघाल्यावर येतो.

फेल्ड असेल तर

इथे फारसे गूढ नसते. नव्या आवृत्त्यांमध्ये फसण्याचे कारण त्याच पडद्यावर दिसते: क्रमांक नाही, ड्रायव्हर ठरवलेला नाही, किंवा ड्रायव्हरने संदेश स्वीकारला नाही. कारण दूर करून ‘रीसेंड’ केले की संदेश पुन्हा रांगेत जातो. चाचणी करणाऱ्यांना फसवणारी एक बाब तेवढी सांगून ठेवतो. एकाच सभासदाला, त्याच दिवशी, शब्दशः तोच एसएमएस आधीच गेलेला असेल तर कोहा दुसरा पाठवत नाही. तो पुनरावृत्ती समजून फेल्ड ठरवते. त्यामुळे ‘पहिला गेला आणि नंतर बंद पडले’ असे वाटले, की दर खेपेला निराळे पुस्तक वापरून चाचणी करावी.

सेंट आहे, पण फोन वाजला नाही

सर्वाधिक तक्रारी या जागी अडतात, आणि याचे कारण कोहाच्या जन्माशी जोडलेले आहे. कोहा न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी तयार झाले आणि जानेवारी २००० मध्ये तिथे वापरात आले. एसएमएस म्हणजे एक क्रमांक आणि एक मजकूर, एवढीच त्याची कल्पना आहे. भारतात मात्र दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संदेश पाठवणाऱ्या संस्थेला मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर प्रिन्सिपल एंटिटी म्हणून नोंदणी करावी लागते, आपला हेडर, म्हणजे फोनवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव, मंजूर करून घ्यावा लागतो आणि संदेशाचा प्रत्येक नमुना, म्हणजे टेम्प्लेट, आधी मान्य करून घ्यावा लागतो. ८ मार्च २०२१ रोजी ही पडताळणी सक्तीने सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडले आणि प्राधिकरणाला ती तात्पुरती स्थगित करावी लागली. यावरून ती किती काटेकोर आहे याची कल्पना यावी. कोहाला यातले काहीच ठाऊक नसते, त्यामुळे ही सगळी जुळवाजुळव ड्रायव्हरने किंवा एसएमएस कंपनीने करायची असते.

प्रथम पाहायचे ते ड्रायव्हरचे वागणे. आपल्याकडील अनेक एसएमएस सेवा विनंती नाकारतानाही तांत्रिकदृष्ट्या ‘विनंती मिळाली’ असेच उत्तर देतात, आणि नाकारल्याचे कारण त्या उत्तराच्या मजकुरात लिहितात. ड्रायव्हर घाईत लिहिलेला असेल तर तो तो मजकूर न वाचताच यश कळवतो, आणि कोहा भाबडेपणाने ‘सेंट’ लिहून मोकळे होते. खात्यातली शिल्लक संपली, पासवर्ड बदलला, किंवा कंपनीने ज्या आयपी पत्त्यावरून विनंती स्वीकारायची असे ठरवले होते तो महाविद्यालयाचा पत्ता ब्रॉडबँड बदलल्यामुळे बदलला, तरी पडद्यावर ‘सेंट’च दिसते. म्हणून एसएमएस कंपनीच्या पोर्टलवर जाऊन त्या क्रमांकावर त्या वेळी विनंती आल्याची नोंद आहे का, हे स्वतः पाहावे. तिथे नोंदच नसेल तर दोष ड्रायव्हरचा किंवा जोडणीचा आहे, आणि कंपनीचे उत्तर जसेच्या तसे कोहाच्या नोंदवहीत लिहिले जाईल अशी सुधारणा तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. माझ्या मते ड्रायव्हरवर खर्च केलेला हा अर्धा दिवस इतर सर्व उपायांपेक्षा जास्त परतावा देतो.

पोर्टलवर नोंद आहे आणि पुढे नाकारल्याचा शेरा आहे, असे असेल तर तो शेरा नीट वाचावा. टेम्प्लेट न जुळणे हे त्यातले सर्वांत नेहमीचे कारण. मान्य टेम्प्लेटमध्ये बदलणाऱ्या मजकुरासाठी राखीव जागा ठेवलेल्या असतात, आणि त्या सोडून उरलेला मजकूर अक्षरशः जुळावा लागतो. पूर्णविरामापूर्वी पडलेली एक मोकळी जागा, शेवटी राहिलेली एक रिकामी ओळ, किंवा वर्डमधून मजकूर चिकटवताना सरळ अवतरणचिन्हाचे झालेले वाकडे चिन्ह एवढे कारणही संदेश अडण्यास पुरेसे ठरते. कोहातील मसुद्यात अटी आणि आवर्तने लिहिलेली असतील, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या रिकाम्या ओळी संदेशात शिरतात. त्यामुळे तुलना कोहाच्या मसुद्याशी करू नये. ‘नोटिसेस’च्या पडद्यावर प्रत्यक्ष तयार झालेला मजकूर उचलावा आणि तो डीएलटीवरील मान्य मजकुराखाली ठेवून अक्षर-अक्षर ताडून पाहावा.

एकच पुस्तक दिले की संदेश येतो आणि तीन दिली की येत नाही, ही तक्रार ऐकली की बरेच तंत्रज्ञ गोंधळतात. त्यामागची यंत्रणा अशी, की पुस्तक दिल्याचा आणि परत घेतल्याचा संदेश कोहा प्रत्येक पुस्तकासाठी वेगळा पाठवत नाही. पहिला संदेश रांगेत असेपर्यंत त्याच सभासदाला आणखी पुस्तके दिली, तर त्यांची नावे त्याच संदेशात भर घालून जोडली जातात. मसुद्यातील चार आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये जो भाग असतो, तो प्रत्येक पुस्तकासाठी पुन्हा येतो. ईमेलसाठी ही सोय उत्तम आहे, पण डीएलटीवर एका पुस्तकाचे टेम्प्लेट मान्य असेल, तर तीन पुस्तकांचा संदेश त्याच्याशी जुळणार कसा? रांग १५ मिनिटांनी उपसली जात असल्याने गर्दीच्या दिवशी हा दोष उफाळून येतो आणि सुट्टीत नाहीसा होतो. यावर पक्का उपाय म्हणजे देवघेवीचा एसएमएस बंद ठेवणे आणि त्यासाठी ईमेल वापरणे. पुस्तक हातात घेऊन उभ्या असलेल्या सभासदाला ‘तुम्ही पुस्तक घेतले’ हे फोनवर कळवण्याची निकड मला तरी कधी पटलेली नाही.

मुदतीच्या आठवणीचे तसे नाही, ती हवीच. तिच्यात अडचण येते ती पुस्तकाच्या नावामुळे. टेम्प्लेटमधील एका राखीव जागेत ३० अक्षरचिन्हांपर्यंतच मजकूर बसतो, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. ‘अर्थशास्त्राची मूलतत्त्वे आणि भारतीय अर्थव्यवस्था’ असे नाव असेल, तर ‘आणि’ व त्यापुढची मोकळी जागा इथवरच ३० ची मर्यादा संपते. नाव आखूड केले की हा संदेश जातो आणि मूळ नावासह जात नाही. कोहाच्या मसुद्यात टेम्प्लेट टूलकिट (मसुद्यात सूत्रे लिहिण्याची पद्धत; डीएलटीच्या टेम्प्लेटशी तिचा संबंध नाही) वापरत असाल तर नाव ठरावीक लांबीवर कापणारा ‘ट्रंकेट’ हा फिल्टर लावता येतो. शेवटचे तीन ठिपकेही तो त्या लांबीतच मोजतो. पण देवनागरी नाव असे कापले की जोडाक्षराचा लचका तुटून ‘मूलतत्त्‌’सारखे शेपूट राहण्याची शक्यता असते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे सभासदाच्या पसंतीत ‘डायजेस्ट’ची, म्हणजे सगळ्या पुस्तकांची मिळून एकच सूचना पाठवण्याची, खूण करणे आणि एसएमएसमध्ये पुस्तकांची नावे न देता केवळ त्यांची संख्या कळवणे. तपशील ज्याला हवा तो ओपॅकवरील आपल्या खात्यात पाहतोच. तारखेच्या जागी ‘२३:५९’ अशी वेळही येत असेल, तर मसुद्यात केवळ तारीख दाखवणारा पर्याय लावावा.

ओपॅकचा दुवा संदेशात घालायचा मोह होतो, तेव्हा हे लक्षात ठेवावे, की १ ऑक्टोबर २०२४ पासून डीएलटीवर आधी मान्य करून न घेतलेले दुवे असलेले संदेश अडवले जातात. दुवा मान्य करून घेतला आणि नंतर ग्रंथालयाचे संकेतस्थळ नव्या पत्त्यावर हलवले, तर दुसऱ्या दिवसापासून सगळे संदेश बंद पडतात, आणि संकेतस्थळाचा एसएमएसशी संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. डिसेंबर २०२४ पासून आणखी एक अट आली: संस्था, तिने नेमलेली एसएमएस कंपनी आणि तिच्यापुढील मध्यस्थ यांची साखळी डीएलटीवर घोषित झालेली असावी लागते. कंपनी बदलली पण पोर्टलवर जुनीच साखळी राहिली, तर टेम्प्लेट अचूक असूनही संदेश नाकारला जातो. ‘परवापर्यंत चालत होते, आम्ही काहीच बदलले नाही’ असे ग्रंथपाल प्रामाणिकपणे सांगत असतो, कारण बदल लेखा विभागाने नवा पुरवठादार निवडून केलेला असतो.

टेम्प्लेटचा प्रकारही तपासून पाहावा. मुदतीची आठवण ही सेवेचा संदेश आहे. नोंदणी करणाऱ्याने ती प्रमोशनल म्हणून नोंदवली असेल, तर ज्यांनी डीएनडी (जाहिरातींचे संदेश नकोत अशी नोंद) घेतले आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही, आणि मग शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकालाच संदेश येतो. २०२५ च्या दुरुस्तीनंतर हेडरच्या शेवटी संदेशाचा प्रकार दाखवणारे एक रोमन अक्षर येते. प्रमोशनलसाठी ‘पी’ आणि सेवेसाठी ‘एस’. ज्याला संदेश आला आहे त्याच्या फोनवरचे ते अक्षर पाहिले, की हा दोष एका नजरेत कळतो.

मराठी संदेशाचे गणित

रोमन लिपीतील साधा एसएमएस १६० अक्षरांचा असतो आणि देवनागरीतला ७० चिन्हांचा. मजकूर त्याहून लांबला की तो तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती ठेवावी लागत असल्याने रोमनमध्ये १५३ आणि देवनागरीत ६७ चिन्हेच उरतात. डोळ्यांना तीन अक्षरी दिसणारा ‘पुस्तक’ हा शब्द इथे सहा चिन्हांचा होतो. त्यामुळे जो मजकूर कागदावर एका ओळीत बसतो, तो एकाहून अधिक संदेशांचे पैसे घेऊन जातो. पैसे बुडाले असे वाटले तर आधी ही मोजणी करून पाहावी.

मराठी संदेश प्रश्नचिन्हांची रांग होऊन येत असेल, तर विनंतीत तो युनिकोड असल्याची खूण जात नाही, किंवा डीएलटीवर टेम्प्लेट साध्या मजकुराचे म्हणून नोंदवलेले आहे. दोन्ही जागा पाहाव्यात. उलट बाजूने, इंग्रजी संदेशात दंडाच्या रकमेपूर्वी रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह घातले, तर ते एसएमएसच्या मूळ वर्णसंचात नसल्यामुळे संपूर्ण संदेशच युनिकोडमध्ये जातो आणि १६० ची मर्यादा एकदम ७० वर येते. तिथे चिन्हाऐवजी अक्षरांत लिहावे.

चाचणी कशी करावी

एवढे करूनही कोडे सुटत नसेल, तर मार्गाचे दोन भाग पाडावेत. पहिल्या भागासाठी ‘एसएमएस सेंड’ सोबत येणारा ‘टेस्ट’ नावाचा ड्रायव्हर आहे; तो संदेश स्वीकारतो, पण कुठेही पाठवत नाही. तो लावल्यावर संदेश सेंट झाला, तर कोहा, क्रमांक, मसुदा आणि रांग हे सारे ठीक आहे. मात्र हा प्रयोग चालू ग्रंथालयावर कामाच्या वेळी कदापि करू नये, कारण त्या दरम्यान रांगेत आलेले खरे संदेशही सेंट ठरून हवेत विरतात. दुसऱ्या भागासाठी कोहाला बाजूला ठेवावे आणि ‘नोटिसेस’मधून उचललेला तोच मजकूर, त्याच क्रमांकावर, एसएमएस कंपनीच्या पोर्टलवरून हाताने पाठवावा. हाताने पाठवलेला पोहोचला आणि कोहातून गेलेला पोहोचला नाही, तर ड्रायव्हर टेम्प्लेटचा क्रमांक किंवा हेडर चुकीचा पाठवत आहे. हाताने पाठवलेलाही अडला, तर दोष डीएलटीच्या टप्प्यावरचा आहे, आणि मसुद्यातील मजकूर सोडून कोहाला हात लावण्याचे कारण नाही.

कंपनीकडे तक्रार करताना ‘संदेश जात नाहीत’ असे लिहू नये. संदेशाची तारीख व वेळ, सभासदाचा क्रमांक, हेडर, टेम्प्लेटचा १९ अंकी क्रमांक, प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर आणि पोर्टलवरचा नाकारल्याचा शेरा एवढे एका ईमेलमध्ये द्यावे. ही माहिती एखाद्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात किंवा जुन्या पुरवठादाराच्या ईमेलमध्ये राहू देऊ नये. देवघेवीच्या टेबलाच्या खणात एक वही ठेवावी आणि तिच्यात प्रिन्सिपल एंटिटीचा क्रमांक, डीएलटी पोर्टलचे नाव, तिथे नोंदवलेला मोबाइल कोणाचा आहे, आणि प्रत्येक टेम्प्लेटचा क्रमांक त्याच्या मान्य मजकुरासह लिहून ठेवावा. पोर्टलचा ओटीपी निवृत्त झालेल्या प्राचार्यांच्या फोनवर जातो, हे टेम्प्लेट बदलण्याच्या दिवशी कळण्यापेक्षा आजच तपासून घ्यावे.